दातानं धार लावलेला खडू

आमच्या ताई खडू खायच्या. हे मी पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, कारण गोष्ट सांगताना समोरच्याला ताटकळत ठेवणारी माणसं मला आवडत नाहीत. खडू म्हणजे फळ्यावरचा नव्हे. शिंप्याचा, चपटा, तिकोनी, कापडावर खुणा करायचा. त्यातही पांढरा त्यांच्या खास आवडीचा. निळा चालायचा. पिवळ्याला मात्र त्या तोंड लावत नसत. तो म्हणे तेलकट लागतो.

ताई माझी थोरली नणंद. घरात ताई आणि कामावर मास्तर. शिवणाच्या धंद्यात कापड बेतून कापणाऱ्याला मास्तर म्हणतात, आणि त्या टेबलाशी बाई असणं इतकं कमी की तिच्यासाठी वेगळा शब्द करायची तसदी कुणी घेतली नव्हती. ‘मास्तर आल्या’ हे नव्या मुलींना चार दिवस विचित्र वाटायचं, मग सवय व्हायची. मी त्याच कारखान्यात तिसऱ्या मशीनवर कॉलर लावते. लग्नानंतर ताईंनीच मला तिथे चिकटवलं. वर मालकांना सांगितलं, “हात चांगला आहे, तोंडाकडे लक्ष देऊ नका.”

कारखाना म्हणजे फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. एका जुन्या गोदामाचा तळमजला, मशीनच्या दोन ओळी, इस्त्रीची वाफ, मशीनच्या तेलाचा वास. इस्पितळांचे, हॉटेलांचे, कंपन्यांचे गणवेश आम्ही शिवतो. मधोमध कटिंगचं लांब टेबल. त्यावर कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, वर पुठ्ठ्याचा साचा ठेवायचा, कडेनं खडूची रेघ मारायची आणि सगळे थर एकदम कापायचे. रेघ चुकली तर एक सदरा नाही बिघडत, अख्खी चळत बिघडते. म्हणून मास्तरला मान असतो. मशीनवाल्या बसून काम करतात, मास्तर उभा असतो. ताई वर्षानुवर्षं उभ्या होत्या.

खडूची कड बोथट झाली की रेघ जाड येते, आणि जाड रेघेच्या आतून कापायचं की बाहेरून, इथेच घोळ होतो. बाकीचे मास्तर ब्लेडनं कड तासतात. ताई दातानं तासायच्या. खडू तोंडात तिरका धरायचा, कट्कन आवाज, अंगठ्यानं कड चाचपायची, आणि कापडावर केसासारखी बारीक रेघ. आम्ही कौतुकानं बघत राहायचो. गिऱ्हाईक आलं की मालक मुद्दाम त्याला टेबलापाशी आणून म्हणायचे, “मास्तर, जरा धार लावून दाखवा.” दोघीतिघींनी नक्कल करून पाहिली. एकीच्या पुढच्या दाताचा टवका उडाला. तेव्हापासून हे कसब मास्तरांच्या दातातच आहे, असं कारखान्यात ठरून गेलं. तोडलेला तुकडा थुंकताना ताईंना कुणी पाहिलं नव्हतं. मग तो जातो कुठे, हा प्रश्न आम्हा एवढ्या चोंबड्या बायकांपैकी एकीलाही पडला नाही.

ताईंना धाकधूक होती ती एकाच गोष्टीची. हे बाहेर फुटलं तर टेबल जाईल, आणि त्यांच्या आईला लोक जे म्हणायचे तेच त्यांना म्हणतील. आईबद्दल मला तोवर काही ठाऊक नव्हतं. सासूबाई लहान वयात गेल्या, एवढंच माझ्या कानावर होतं. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणायचा, “मी लहान होतो,” आणि उठून नळ दुरुस्त करायला जायचा. तो नळजोडणीची कामं करतो, त्यामुळे त्याला कुठलाही नळ केव्हाही आठवू शकतो.

त्या वर्षी खडू फार संपायला लागले. पेट्या उघडाव्यात आणि रिकाम्या व्हाव्यात. मालकांना चोरीचा संशय आला. आता शिंप्याचा खडू चोरून कुणी काय बंगला बांधणार? पण मालकाचं डोकं एकदा फिरलं की फिरलं. त्यांनी पेट्या कपाटात टाकल्या, कुलूप लावलं, आणि रोज सकाळी एकच खडू हातात द्यायला लागले. त्यांच्या समोर धार लावून दाखवणाऱ्या मास्तरांवर त्यांचा संशय शेवटपर्यंत गेला नाही.

त्याच सुमाराला ताई पडेल दिसायला लागल्या. जिन्याच्या चार पायऱ्या चढल्या की धाप लागायची. चेहरा पिवळट, ओठ फिके. कापताना मधेच टेबलाला टेकायच्या. एक दिवस त्यांनी टेबलाजवळ स्टूल ओढून घेतलं आणि सगळ्या मशीन क्षणभर थांबल्या. मास्तर बसल्या, हे आम्ही कधी पाहिलं नव्हतं. घरी मी म्हटलं, “ताई, डॉक्टरला दाखवू या.” तर म्हणाल्या, “वय झालं गं. चाळिशी उलटली की सगळ्यांचंच होतं.” पाळी दर महिन्याला किती अंगावर जाते, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांवरून मला अंदाज होता, पण ते विषय आमच्या घरात तोंडानं बोलायचे नसतात.

मग बाह्यांचं प्रकरण झालं. एका इस्पितळाचे कोट होते. त्या कापडाची एक बाजू चकचकीत आणि एक साधी. अशा कापडाचा एक थर सुलटा, एक उलटा असा अंथरायचा असतो, म्हणजे एकाच कापणीत डावी आणि उजवी अशा जोडीनं बाह्या निघतात. ताईंनी सगळे थर सुलटेच अंथरले. आम्ही बाह्या लावायला घेतल्या तर ढिगातली प्रत्येक बाही डावी! एवढ्या डाव्या हातांची माणसं कुठल्या इस्पितळात सापडणार? एक मुलगी हसली. मग ताईंकडे पाहून बाह्या मोजायला लागली.

मालक ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, “मास्तर, तुम्ही थकलाय. सोमवारपासून काजं-बटणांना बसा. मी दुसरा मास्तर बोलावलाय.” ताईंनी कात्री पुसली, तिच्या कापडी पिशवीत घातली आणि पिशवी घरी आणली. काजं-बटणांना नवशिक्या मुली बसतात. मला इतका संताप आला की मी मालकांना तिथेच चार शब्द सुनावणार होते. ताईंनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात गार पडला होता.

सोमवार उजाडायच्या आधीचा सुट्टीचा दिवस. दुपारी घड्या केलेले कपडे ठेवायला मी मागच्या खोलीत गेले. ती ताईंची खोली. तिच्या एका भिंतीला खालपासून पार माझ्या डोक्याच्या हातभर वरपर्यंत डांबर फासलेलं आहे, काळंकुट्ट. लग्न होऊन आले तेव्हा विचारलं होतं. सासरे हयात होते तेव्हा, ते म्हणाले, “ओल येते, म्हणून.” मीही विश्वास ठेवला. ताईंनी तीच खोली मागून का घेतली, हे कोडं मला कधी सुटलं नव्हतं.

ताई स्टुलावर उभ्या होत्या. पाठ माझ्याकडे. डांबर संपतं त्याच्या वर, केसांच्या आकड्यानं भिंतीचा गिलावा खरवडत होत्या. पडलेली पांढरी भुकटी तळहातावर घेतली आणि चाटली. सावकाश, डोळे मिटून.

मी किंचाळले. सोज्वळपणे खाकरणाऱ्यांतली मी नव्हे. “ताई! अहो, काय करताय हे? भिंत खाताय?”

त्या दचकल्या, पण पडल्या नाहीत. स्टुलावरून उतरल्या, पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, “ओरडू नकोस. शेजारी ऐकतील. दार लाव.”

मी दार लावलं.

“खडू मिळत नाही आता,” त्या म्हणाल्या. “कपाटाला कुलूप आहे.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पेट्या, दाताची धार, न थुंकलेले तुकडे, सगळं एका दमात. मी कपाळावर हात मारून घेतला आणि विचारलं, “अहो, पण का?”

“मला काय माहीत का? हवंसं वाटतं. इतकं हवंसं वाटतं की तोंडाला पाणी सुटतं. पाऊस पडून भिंत भिजली की त्या वासानं मला काही सुचत नाही.” मग त्यांनी भिंतीकडे बोट केलं. “हे डांबर ओलीसाठी नाहीये. आईसाठी आहे.”

आणि मग त्यांनी सांगितलं. एरवी दिवसाला मोजके शब्द बोलणारी बाई, एका बैठकीत सगळं बोलली. आईला एकापाठोपाठ एक सहा बाळंतपणं झाली. जगली दोनच, ताई आणि माझा नवरा. आई भिंत खायची. आधी लपून, मग उघड. आजी ओरडायची, आत्या हसायच्या, गल्लीतली पोरं खिडकीतून बघायला यायची. डोक्यावर परिणाम झालाय, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मग वडिलांनी रस्त्याचं काम चाललं होतं तिथून डांबर आणलं आणि तिचा हात पोचतो तिथपर्यंत भिंत काळी केली. “मग आईसुद्धा स्टुलावरच चढायची,” ताई म्हणाल्या. सातव्या बाळंतपणात ती गेली, याच खोलीत. ताई तेव्हा शाळेत होत्या. पुढे त्यांना स्थळं आली ती दारातूनच परत गेली. वेडीची मुलगी कोण करून घेणार?

“तुला वाटतं टेबल गेलं म्हणून मी अशी झालेय,” त्या म्हणाल्या. “टेबल गेलं ते चालेल एक वेळ. पण मी आईच्या वाटेनं चाललेय गं. मला दिसतंय. आणि हे कुणाला सांगायचं?”

मला रडू फुटलं. त्या रडल्या नाहीत. मग मला माझाच राग आला, आणि राग आला की मी कामाला लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी काजं-बटणांच्या आधी मी त्यांना दवाखान्यात नेलं. म्हणजे अक्षरशः ओढत नेलं. वाटेत त्यांनी माझ्याकडून शपथ घेतली की थकव्याचंच सांगायचं, बाकी चकार शब्द काढायचा नाही. मी शपथ घेतली.

डॉक्टरीण वयानं माझ्याएवढी असेल. ताई म्हणाल्या, थकवा येतो, धाप लागते. डॉक्टरीणबाईंनी खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली. ताईंची नखं मधे खोलगट झाली होती, ते माझ्याही लक्षात तेव्हाच आलं. डॉक्टरीणबाई लिहायला लागल्या आणि माझा तोल सुटला.

“खडू खातात त्या,” मी म्हणाले. “आणि भिंत.”

ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “कधीपासून? पाळी कशी येते? गाठी पडतात का?” ताईंना जे मला वर्षानुवर्षं सांगता आलं नव्हतं ते त्यांनी तिला चार प्रश्नांत सांगितलं. पाळीचा विषय निघाल्यावर तर त्या जमिनीकडे बघत, पण न थांबता बोलल्या.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन जितकं हवं त्याच्या निम्म्याच्या आसपासच भरलं. शरीरातलं लोह पार तळाला गेलेलं.

“हे पाहा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “लोह कमी झालं की काही जणांना असं होतं. कुणाला बर्फ चावत बसावंसं वाटतं, कुणाला माती, कुणाला खडू. सगळ्यांना होत नाही, आणि होतं त्यांना नेमकं का होतं, हे अजून पुरतं कळलेलं नाही. दुसरीही कारणं असू शकतात. पण लोह भरून आलं की बऱ्याच जणांची ओढ आपोआप जाते. म्हणून असं कुणी सांगितलं की मी आधी रक्त बघते. आणि मुख्य म्हणजे ते जातंय कुठे, ते शोधायचं. तुमच्या बाबतीत पाळीतून जातंय असं दिसतंय. त्याची तपासणी वेगळी करू.”

“म्हणजे डोक्याचं नाही?” ताईंनी विचारलं.

“तुमच्या बोलण्यात मला तसं काही दिसत नाही.”

ताईंनी नजर वर केली. मग म्हणाल्या, “माझी आई भिंत खायची. सात बाळंतपणं झाली. सातव्यात गेली.”

“मी त्यांना तपासलेलं नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “त्यामुळे ठामपणे सांगणं बरोबर नाही. पण इतकी बाळंतपणं लागोपाठ झाली असतील, तर त्यांच्या अंगात रक्त फारच कमी असण्याची शक्यता मोठी आहे.”

“तेव्हा या गोळ्या मिळायच्या?”

“मिळायच्या.”

ताईंनी मान हलवली आणि पदरानं खुर्चीचा हात पुसला. तो स्वच्छ होता.

मग गोळ्यांचं पर्व सुरू झालं. गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, एवढं ऐकून ताईंचं तोंड उतरलं, कारण चहा हा त्यांचा दुसरा खडू. गोळ्यांनी पोट साफ होईना. मग शौचाला काळं व्हायला लागलं तेव्हा त्या घाबरून माझ्याकडे आल्या. मी घाबरून डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि हे गोळ्यांमुळे होतच असतं, हे कळल्यावर घरी येऊन त्यांच्यावरच चिडले. गोळ्यांनी पुरेसं भरेना तेव्हा दोनदा सलाईनमधून लोह दिलं. गर्भाशयात एक गाठ निघाली, साधी. तिच्यासाठी औषध चालू झालं आणि पाळी आटोक्यात आली. हे सगळं होईपर्यंत ताई काजं-बटणांना बसत होत्या आणि टेबलाशी नवा मास्तर उभा होता. माणूस वाईट नव्हता. पण मी त्याच्याशी महिनाभर बोलले नाही.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तो ताईंपाशी आला. हातात खडू. म्हणाला, “मास्तर, सगळे सांगतात तुम्ही दातानं धार लावायच्या. मला काही जमेना. बघा, हिरडी सोलली. जरा शिकवा की.”

सगळ्या बघत होत्या. मालकही दारात होते. ताईंनी खडू घेतला. जुन्या सवयीनं तिरका धरून तोंडात घातला, कट्कन आवाज झाला, आणि पुढच्या क्षणी त्यांनी तोंड वाकडं करून तुकडा हातावर थुंकला.

“शी! हा तर नुसता खडू आहे,” त्या म्हणाल्या.

आणि हसायला लागल्या. मी त्यांना इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता त्यांनी सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं. “यात कसलं कसब? मी खायचे तो. माझ्या अंगातलं लोह कमी झालं होतं, त्यानं असं होतं कुणाकुणाला. माझ्या आईलाही व्हायचं. वेड नाही लागलं मला. कुणाला असलं काही खावंसं वाटत असेल तर लपवू नका, रक्त तपासून या. आणि मास्तर, तुम्ही ब्लेड वापरा.”

मालक कपाटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे त्या पेट्या...?”

“माझ्या पोटात आहेत,” ताई म्हणाल्या.

मालकांनी कुलूप काढलं. टेबल लगेच परत मिळालं असं समजू नका. नव्या मास्तरला काढणार कसं? पण सकाळच्या वेळी कापडं बेतायला आणि अवघड कापायला ताई, दुपारनंतर तो, असं ठरलं. डाव्या बाह्यांवरून मशीनवरच्या मुली अजून चेष्टा करतात. ताई ती हसून घेतात. घरून कात्रीची पिशवी त्या परत घेऊन गेल्या, तेव्हा मला बाकी सगळं विसरायला झालं.

घरी मात्र एक काम राहिलं होतं. त्या आठवड्यात जेवताना ताई माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, “आई वेडी नव्हती रे.” त्यांनी सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या तेही, ठाम सांगता येत नाही हेसुद्धा. मी वाट बघत होते, आता याला कुठला नळ आठवतो. तो उठलाच. पण नळाकडे नाही गेला. आपली छिन्नी आणि हातोडा घेऊन मागच्या खोलीत गेला.

डांबरावर चुना मारून भागत नाही, काळं वर उमटतंच. ते गिलाव्यासकट उतरवावं लागतं. त्या रात्री एक कोपराच निघाला; मग सुट्टीच्या दिवशी तो सकाळपासून ठोकत होता. मी घमेल्यात ढलप्या भरून बाहेर टाकत होते. खोलीभर पांढरा धुरळा, तो बसावा म्हणून मारलेलं पाणी, आणि ओल्या चुन्याचा तो वास, ज्यानं ताईंना काही सुचत नसे. मी चोरून त्यांच्याकडे बघत होते.

त्यांनी एक ढलपी उचलली. एका बाजूनं काळी, दुसऱ्या बाजूनं पांढरी. नाकाशी नेली, वास घेतला. माझा नवरा ठोकायचा थांबला.

“काही नाही वाटत,” ताई म्हणाल्या. “नुसती भिंत.”

मग त्यांचा चेहरा हलला आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्या रडल्या. “या भिंतीपायी वेडी ठरून मेली रे ती. नुसत्या गोळ्या द्यायच्या होत्या तिला. आणि आपण डांबर दिलं.”

नवऱ्यानं हातोडा खाली ठेवला आणि बहिणीच्या शेजारी धुरळ्यात बसला. मग ताईंनी डोळे पुसले, ढलपी घमेल्यात टाकली आणि म्हणाल्या, “चल, ऊठ. अर्धी भिंत राहिलीय अजून.”